रायफलीच्या अंगावरची अक्षरे

अमेरिकेतील काही बंदूक-संग्राहक गेली वीसेक वर्षे देवनागरी अंक ओळखायला शिकत आहेत, असे सांगितले तर मराठी वाचकाला ती थट्टा वाटेल. पण ही वस्तुस्थिती आहे. त्यांच्याजवळच्या सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश रायफलींच्या दस्त्यांवर आणि पोलादी भागांवर देवनागरीत आकडे व अक्षरे कोरलेली आहेत. ती कोणत्या पलटणीची, कितव्या क्रमांकाची रायफल, हे त्यावरून कळते. आपल्याकडचा पहिलीतला मुलगा जो अंक सहज वाचील, त्यासाठी या मंडळींना तक्ता समोर ठेवावा लागतो.

या रायफली आल्या त्या नेपाळमधून. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात राणांच्या राजवटीपासूनची शस्त्रे कित्येक पिढ्या पडून होती. शिलेखाना हा शब्द आपल्या इतिहासाच्या वाचकाला नवा नाही. शिवकालीन अठरा कारखान्यांत तो आहेच. २००३ मध्ये ‘इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स’ आणि ‘अटलांटा कटलरी’ या दोन अमेरिकी व्यापारी संस्थांनी हा साठा नेपाळ सरकारकडून विकत घेतला. ठासणीच्या बंदुका, मार्टिनी-हेन्री रायफली, संगिनी, तोफा असा शेकडो टनांचा तो ऐवज होता. त्यावर धूळ आणि वाळलेल्या वंगणाचा जाड थर साचलेला होता. तो खरवडून काढला, की आत मूळ छाप, मूळ लाकूड, मूळ क्रमांक जसेच्या तसे सापडत. जगभरच्या संग्राहकांनी या खरेदीचे स्वागत केले ते याच कारणाने.

जुन्या लष्करी रायफलींचा शौक नेमका कशाचा असतो, याबद्दल बाहेरच्या माणसाचा नेहमी गैरसमज होतो. सर्वात अचूक, सर्वात दूर मारा करणारी किंवा सर्वात देखणी रायफल ही या मंडळींचे स्वप्न असते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यांचा ध्यास वेगळाच असतो. जी रायफल कारखान्यातून बाहेर पडली, सैनिकाच्या हाती गेली आणि पुढे कोणीही तिला ‘सुधारले’ नाही, ती त्यांना हवी असते. नळी, बोल्ट, दस्ता, माशी, दर्शिका या सर्वांवर एकच क्रमांक असला तर ती ‘जुळत्या क्रमांकांची’. एखादा भाग जरी दुसऱ्या रायफलीचा निघाला, तरी किंमत झपाट्याने उतरते. लाकूड घासून नवे वार्निश दिले, गंजाचे डाग काढण्यासाठी पोलादाला पॉलिश केले, तर बाजारात ती रायफल ‘गेली’ असेच म्हणतात. जुनी पोथी स्वच्छ करण्याच्या नादात समासातील टिपणे पुसून टाकावीत, तसाच हा प्रकार होय.

नेपाळच्या सिलेखान्यात

मार्टिनी-हेन्री ही व्हिक्टोरिया राणीच्या साम्राज्याची रायफल. ब्रिटिश लष्कराने ती १८७१ मध्ये स्वीकारली. दस्त्याखालची तरफ खाली ओढली, की आतला ठोकळा खाली सरकतो, मागून काडतूस भरता येते. ही मूळ कल्पना अमेरिकेच्या पीबॉडीची. तिच्यात सुधारणा केली स्वित्झर्लंडमध्ये कारखाना चालविणाऱ्या फ्रिडरिश फॉन मार्टिनी यांनी, आणि नळीतील आट्यांची रचना एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांची. एका वेळी एकच गोळी, तीही काळ्या दारूची. चार-पाच बार झाले, की धुराने समोरचे दिसेनासे होई. १८७९ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने याच रायफली हाती असलेल्या ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडविला, आणि त्याच रात्री रोर्क्स ड्रिफ्ट येथे सुमारे दीडशे जणांच्या तुकडीने झुलूंना रोखून धरले. त्या तुकडीतील ११ जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९६४ च्या ‘झुलू’ या चित्रपटाने ती कथा घराघरांत नेली आणि मार्टिनी-हेन्रीचा भाव कायमचा वाढवून ठेवला. चित्रपटामुळे शस्त्राची किंमत वाढणे हा या छंदाचा दुबळा भाग आहे, पण तो नाकारण्यात अर्थ नाही.

नेपाळच्या साठ्यातील खरी मौज मात्र दुसऱ्याच रायफलीत आहे. ब्रिटिश सरकार नेपाळला आधुनिक शस्त्रे सढळ हाताने देत नसे. तेव्हा राणा घराण्यातील जनरल गहेंद्र शमशेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेपाळमध्येच रायफली तयार करविल्या. बाहेरून ती मार्टिनी-हेन्रीसारखी दिसते. आतली यंत्रणा वेस्टली रिचर्ड्सच्या धर्तीची आहे. कारागिरांनी ती हातानेच घडविली, त्यामुळे एका रायफलीचा भाग दुसरीला बसेलच असे नाही. आज ती ‘गहेंद्र’ या नावानेच ओळखली जाते. त्यांनीच दुहेरी नळीची एक यंत्रतोफही बनविली आणि राजे पृथ्वी वीर विक्रम यांच्या नावावरून तिला ‘वीर’ म्हटले गेले. गहेंद्र रायफलीतून गोळी झाडू नये, असा इशारा जाणकार देतात. तिचे पोलाद तेवढ्या भरवशाचे नाही. पण हिमालयाच्या कुशीतल्या एका राज्याने यंत्रयुगाच्या कारखान्यांशी कानस आणि हातोडीच्या बळावर केलेली ही बरोबरी होती, आणि तिचा पुरावा म्हणून ती अनमोल आहे.

याच साठ्यात आणखी एक बंदूक निघाली. तिचा संबंध थेट आपल्या इतिहासाशी आहे. १८५७ च्या उठावाचे तात्कालिक निमित्त झालेली १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आपल्याला ठाऊक असते. काडतुसावरील चरबीची कथा शाळेतच वाचलेली असते. उठाव मोडल्यानंतर इंग्रजांनी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांनी दिसायला तशीच, पण नळीत आटे नसलेली गुळगुळीत बंदूक हिंदी शिपायांसाठी तयार केली. ती १८५८ च्या नमुन्याची. आटे नसले, की गोळीला फिरकी मिळत नाही आणि नेम थोड्या अंतरापलीकडे लागत नाही. गोऱ्या सैनिकाच्या हाती रायफल आणि हिंदी शिपायाच्या हाती तिचे नुसते सोंग, असा हा हिशेब होता. हिंदी पलटणींना एक पिढी मागचे शस्त्र देण्याचे हे धोरण पुढेही चालू राहिले. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे झालेल्या लढाईत ६६ व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती, तर तिच्या खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या मुंबई फौजेतील हिंदी पलटणींकडे जुनी स्नायडर. हे दस्तऐवजांत वाचायला मिळतेच, पण नळीच्या तोंडात बोट घालून आटे आहेत की नाहीत हे चाचपून पाहिले, तर ज्या रीतीने पटते तसे कागदावरून पटत नाही.

मौसर आणि जपानी शेवंती

बोल्टच्या रायफलींच्या विश्वात पहिले नाव पाउल मौसर यांचे. जर्मनीतील ओबर्नडोर्फ गावच्या या कारागिराची रायफल जर्मन लष्कराने १८९८ मध्ये स्वीकारली. पुढच्या जवळपास प्रत्येक शिकारी रायफलीवर तिची छाया आहे. अमेरिकेने १९०३ ची आपली स्प्रिंगफिल्ड रायफल बनविली, तेव्हा मौसरच्या हक्कांपोटी तिला स्वामित्वधन मोजावे लागले होते.

संग्राहकांची धडपड असते ती १९३५ पासूनच्या आखूड ‘कार ९८ के’ या नमुन्यासाठी. ती लाखोंनी बनली, तेव्हा दुर्मीळ कशी, असे कोणी विचारील. तिच्या आयुष्यात तीन वाटा फुटल्या. काही रायफली अमेरिकी सैनिकांनी युद्धावरून स्मरणवस्तू म्हणून घरी आणल्या. त्यांच्याबरोबर वरिष्ठांच्या सहीचा परवाना असे. तो पिवळा पडलेला कागद आजही सोबत असेल, तर रायफलीची किंमत कागदामुळे आणखी वाढते. दुसऱ्या वाटेने गेलेल्या रायफली सोव्हिएत फौजेच्या हाती पडल्या. त्यांनी त्या मोकळ्या केल्या, सर्व भाग एकत्र ढिगात टाकले, पुन्हा जुळविले, फुलीचा शिक्का मारला आणि गोदामात ठेवून दिल्या. अशा रायफली उत्तम चालतात, पण त्यांची मूळ ओळख मिटलेली असते.

तिसरी वाट इस्रायलची, आणि ती सर्वात चटका लावणारी आहे. १९४८ मध्ये नव्याने जन्मलेल्या इस्रायलला कोणी शस्त्रे देईना, तेव्हा चेकोस्लोव्हाकियाने मौसर रायफली पुरविल्या. अशा काही रायफलींवर नाझी गरुडाचा छाप आणि त्याच्या शेजारी इस्रायली लष्कराची खूण, अशा दोन्ही मुद्रा एकत्र दिसतात. कोठे गरुड घासून टाकलेला, कोठे तसाच. अशा एका रायफलीबद्दल ग्रंथालयातील कितीतरी पुस्तके लिहून व्हावीत. पण बाजार मात्र गरुड शाबूत असलेल्या, एकही नंतरची खूण नसलेल्या नगालाच जास्त पैसे देतो. येथे बाजाराचा निवाडा मला तरी पटत नाही.

जपानच्या आरिसाका रायफलींची गोष्टही अशीच छापाची. जपानी लष्कराच्या रायफलीवर सोळा पाकळ्यांच्या शेवंतीचे चिन्ह कोरलेले असे. ते सम्राटाचे चिन्ह; म्हणजे रायफल सम्राटाच्या मालकीची, सैनिकाकडे ती केवळ सोपविलेली. १९४५ मध्ये शरणागतीनंतर लक्षावधी रायफली जमा करण्यापूर्वी हे फूल घासून, ठोकून पुसले गेले. ते जपान्यांनी आपण होऊन केले, की अमेरिकनांच्या संमतीने, यावर अद्याप वाद आहे. परिणाम मात्र निर्विवाद आहे. फूल शाबूत असलेली रायफल बहुधा शरणागतीपूर्वी रणभूमीवर हाती लागलेली, आणि फूल पुसलेली म्हणजे नंतर जमा झालेली. इंचभर पोलादावर युद्धाचा शेवट लिहिलेला असतो. युद्धाच्या अखेरच्या काळातील जपानी रायफली ओबडधोबड आहेत. दस्त्याच्या तळाला पोलादी पट्टीऐवजी लाकडाचा तुकडा, पृष्ठभागावर हत्यारांचे ओरखडे तसेच राहिलेले. एकेकाळी त्यांना कोणी हात लावीत नसे. आता त्या मुद्दाम शोधल्या जातात, कारण कच्चा माल आणि वेळ दोन्ही संपत आलेले राष्ट्र कसे दिसते, हे त्या सांगतात.

स्विस रायफलींचे तसे नाही. त्या लढल्याच नाहीत. १९३१ च्या नमुन्याची स्विस कार्बाइन घड्याळासारखी नेटकी. तिचा बोल्ट वळवावा लागत नाही, सरळ मागे ओढला की झाले. दस्त्याच्या तळाची पट्टी दोन स्क्रू काढून उघडली, की पुष्कळदा आत घडी केलेला कागद मिळतो. ज्या सैनिकाला ती दिली होती त्याचे नाव, गाव आणि तुकडी त्यावर असते. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक-सैनिक आपली रायफल घरीच ठेवीत, त्यामुळे हे शक्य झाले. काही संग्राहकांनी त्या पत्त्यांवर पत्रे लिहिली आणि क्वचित उत्तरेही आली.

रशियाच्या मोसिन-नागांबद्दल थोडक्यात सांगतो. १८९१ पासून साडेतीन कोटींहून अधिक बनलेली ही रायफल २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत शंभर डॉलरच्याही आत मिळे. पिंपात उभ्या करून विकत. तेव्हा ज्यांनी नाके मुरडली ते आज हळहळतात. तिच्यातही फिनलंडने सुधारलेले नमुने अधिक मानाचे, कारण १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सिमो हायहा या फिनिश नेमबाजाने दुर्बीण न लावता अशाच रायफलीने पाचशेहून अधिक सोव्हिएत सैनिक टिपल्याची नोंद आहे.

नष्ट झाल्यामुळे मोल

अमेरिकी संग्राहकाच्या मनात मानाचे स्थान गॅरंडचे. जॉन गॅरंड हे मूळचे कॅनडातील क्वेबेकचे. स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रशाळेत त्यांनी स्वयंभरण रायफल तयार केली आणि १९३६ मध्ये लष्कराने ती स्वीकारली. प्रत्येक बारानंतर बोल्ट ओढण्याची गरज नाही. आठ गोळ्या लागोपाठ झाडता येतात. शेवटच्या गोळीनंतर रिकामी क्लिप ‘टिंग’ असा आवाज करीत बाहेर उडते. इतर देशांचे बहुसंख्य सैनिक बोल्ट ओढीत असताना अमेरिकी सैनिकाच्या हाती ही रायफल होती. एकूण पन्नास लाखांहून अधिक गॅरंड बनल्या. गॅरंड यांना मात्र या शोधाचे स्वामित्वधन मिळाले नाही. त्यांनी हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत, असे विधेयक अमेरिकी काँग्रेसपुढे आले, पण ते संमत झाले नाही.

या पन्नास लाखांपैकी स्वप्नातली गॅरंड कोणती? अगदी सुरुवातीच्या, सुमारे पन्नास हजार रायफलींत नळीच्या तोंडापाशी वायू अडविण्याची एक वेगळी रचना होती. ती नीट चालली नाही. १९४० च्या सुमारास रचना बदलली आणि आधीच्या रायफलींनाही शस्त्रशाळांत परत बोलावून नवे भाग बसविण्यात आले. त्यांतून निसटलेल्या मोजक्या रायफली आज संग्रहालयांत किंवा अतिश्रीमंतांच्या तिजोरीत आहेत. म्हणजे सदोष रायफल दुरुस्त न होता राहिली, हाच तिचा गुण!

यापेक्षाही विलक्षण कथा पेडरसन यंत्राची. पहिल्या महायुद्धात खंदकांतील लढाईसाठी रेमिंग्टन कंपनीतील जॉन पेडरसन यांनी एक जोड तयार केली. स्प्रिंगफिल्ड रायफलीचा बोल्ट काढून तेथे ही बसविली, की तीच रायफल पिस्तुलाएवढ्या चाळीस गोळ्या स्वयंचलितपणे भरून घेई. १९१९ च्या चढाईसाठी सुमारे ६५ हजार यंत्रे गुप्तपणे बनविली गेली. युद्ध १९१८ मध्येच संपले. पुढे हे यंत्र गुन्हेगारांच्या हाती पडेल, या भीतीने १९३१ च्या सुमारास लष्कराने जवळजवळ सर्व यंत्रे जाळून टाकली. जी थोडी वाचली त्यांच्यासाठी आज लोक काहीही मोजायला तयार असतात.

वाचण्याचे प्रसंगही चमत्कारिक असतात. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात पोलिसांनी लोकांकडील नको असलेली शस्त्रे जमा करून घेण्याची मोहीम चालविली होती. एका महिलेने दिवंगत वडिलांची एक जुनी बंदूक आणून दिली. ती निघाली दुसऱ्या महायुद्धातील जर्मन स्टुर्मगेव्हेर ४४, आजच्या सर्व असॉल्ट रायफलींची पूर्वज. जाणत्या पोलिसांनी ती ओळखली आणि भट्टीत जाऊ दिली नाही.

भट्टीची बाजूही समजून घेतली पाहिजे. २८ एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांचे बळी घेतले. त्यानंतर त्या देशाने स्वयंभरण रायफली परत विकत घेऊन सुमारे साडेसहा लाख शस्त्रे नष्ट केली. त्यांत ऐतिहासिक रायफलीही गेल्या. संग्राहकांचा त्याबद्दलचा विलाप मी वाचला आहे. त्यांची खंत खोटी नाही, पण ३५ नावांपुढे ती फार वेळ टिकत नाही.

खैबरची नक्कल

जेथे मोल तेथे नकली माल आलाच. पेशावर आणि कोहाट यांच्यामधील दर्रा आदमखेल या गावात शंभराहून अधिक वर्षे कारागीर हाताने बंदुका बनवीत आले आहेत. मूळ रायफल समोर ठेवायची आणि साध्या भात्यावर, कानशीने, तिची प्रतिकृती घडवायची. छापासह! इंग्रजी न जाणणाऱ्या हातांनी अक्षरांची चित्रे काढली, त्यामुळे ‘एन्फिल्ड’ शब्दातले रोमन अक्षर उलटे वळलेले, मुकुट वाकडा, शुद्धलेखन चुकलेले. एखाद्या रायफलीवर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असतात आणि खाली सन १९१९! राणी १९०१ मध्येच निवर्तली होती.

२००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी बाजारांतून अशा ‘मार्टिनी-हेन्री’ हौसेने घेतल्या. १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानुसार पुराणवस्तू ठरते आणि परवान्याच्या कक्षेबाहेर जाते, म्हणून त्या घरी नेणे सोपे होते. घरी गेल्यावर तज्ज्ञाने अक्षरे पाहिली आणि भ्रमनिरास झाला. अलीकडे मात्र उलटा प्रकार दिसतो. दर्ऱ्याची नक्कल ही नक्कल म्हणूनच जमविणारे संग्राहक निर्माण झाले आहेत. गहेंद्रइतकीच तीही हाताची करामत आहे, हे त्यांच्या उशिरा लक्षात आले.

आपली थ्री-नॉट-थ्री

आता आपल्या ओळखीच्या रायफलीकडे वळू. पोलिस ठाण्याच्या दारावरील शिपायाच्या खांद्यावर, बँकेबाहेर, मिरवणुकीच्या बंदोबस्तात दोन-तीन पिढ्यांनी पाहिलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजेच ली-एन्फिल्ड. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थिरावलेल्या जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट आणि दहा गोळ्यांचे मॅगझीन, एन्फिल्ड शस्त्रशाळेचे आटे आणि .३०३ इंच व्यासाची नळी. १९०७ चा तिचा ‘मार्क तीन’ नमुना सर्वांत प्रसिद्ध. तिचा बोल्ट इतक्या सफाईने फिरतो, की मिनिटाला पंधरा नेमके बार हा शिकवलेल्या ब्रिटिश सैनिकाचा नेहमीचा मापदंड होता. १९१४ मध्ये माँसच्या लढाईत जर्मनांना समोर मशिनगन असाव्यात असे वाटले, अशी आख्यायिका आहे.

संग्राहकांच्या दृष्टीने तिच्यातील शिरोमणी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील ‘क्रमांक चार’ची नेमबाजांसाठीची आवृत्ती. अचूकतेसाठी निवडलेल्या वीस हजारांहून अधिक रायफली लंडनच्या ‘हॉलंड अँड हॉलंड’ या बंदूककारांकडे पाठविल्या गेल्या. त्यांनी प्रत्येकीवर दुर्बीण बसविली, दुर्बिणीचा क्रमांक दस्त्यावर आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या बैठकीवर ठोकला. युद्धानंतर दुर्बिणी एकीकडे आणि रायफली दुसरीकडे विकल्या गेल्या. आज दुर्बीण व रायफल यांची ताटातूट झालेली जोडी पुन्हा एकत्र आणणे, हे कित्येकांचे आयुष्यभराचे काम झाले आहे. मूळ लाकडी पेटीही मिळाली तर विचारूच नका.

भारतीय संदर्भात महत्त्वाची ती बंगालमधील इशापूरची रायफल. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे ली-एन्फिल्ड बनू लागली. जुन्या नगांवर मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असत. स्वातंत्र्यानंतर त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. रायफल तीच, यंत्रे तीच, कारागीरही पुष्कळसे तेच. शिक्का तेवढा बदलला. सत्तांतराचा इतका सुटसुटीत पुरावा विरळाच. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने याच रायफलीची ७.६२ मिलिमीटर काडतुसाची आवृत्ती काढली. तिच्यासाठी नुसती नळी बदलली नाही, अधिक कणखर पोलादही वापरले. या रायफली पुढे अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या. तेथील काही विक्रेत्यांनी त्यांच्या नळ्या कापून, पुढे शंकू बसवून, युद्धकाळातील ‘जंगल कार्बाइन’सारखे रूप दिले आणि गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारल्या. आज अखंड राहिलेली इशापूर रायफल तेथे शोधावी लागते.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथे बनलेल्या .३०३ काडतुसांच्या तळावर कारखान्याची आद्याक्षरे, मध्ये ब्रिटिश सरकारी मालकीचा बाण आणि सन असे. कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्याचीही अशीच खूण. (याच डमडमच्या फुटणाऱ्या गोळीवरून ‘डमडम बुलेट’ हा शब्द जगभर गेला आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली.) काडतुसांच्या टोप्या जमविणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे, खडकीचे सन ओळीने लावून ठेवणारे संग्राहक इंग्लंड-ऑस्ट्रेलियात भेटतात.

भारतात मात्र हे स्वप्न बहुतांशी स्वप्नच राहते. लष्करी काडतूस सामान्य नागरिकाच्या हाती पडू नये, हे इंग्रजी अमदानीतील धोरण होते. म्हणून शिकाऱ्यांसाठी .३१५ ही निराळ्या मापाची रायफल आली. स्वातंत्र्यानंतरही तेच चालले. .३०३ आजही निषिद्ध मापात मोडते आणि इशापूरची .३१५ ही ली-एन्फिल्डच्याच सांगाड्यावर उभी असलेली रायफल नागरिकाला परवान्यावर मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात, वारसाहक्काने आलेल्या धरूनही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य किंवा पुराणमूल्य असलेल्या शस्त्रांना सवलत आहे, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही वापरता येणार नाही, अशी अट आहे. म्हणजे रायफल घरात ठेवायची तर ती आधी निकामी हवी, आणि निकामी करताना पडलेले प्रत्येक भोक, प्रत्येक वेल्डिंग एखादा छाप पुसून टाकणार.

इकडे जी .३०३ संग्रहालयात जायला हवी होती, ती आपण रस्त्यावर वापरीत राहिलो, हेही विसरता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या दहशतवाद्यांसमोर काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. एक बार, बोल्ट मागे, पुन्हा बार. समोरून मात्र अखंड फैर. १९०७ चे उत्तम शस्त्र २००८ मध्ये माणसाच्या जिवावर उठते. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीला अधिकृत निरोप दिला.

सेवेतून बाद झालेल्या अशा रायफली सामान्यतः कापून वितळविल्या जातात. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण वितळविण्यापूर्वी प्रत्येक नगाचे छायाचित्र, क्रमांक, कारखान्याची मुद्रा आणि सन यांची नोंद ठेवणे फारसे खर्चाचे नाही, आणि मुकुटाची एक, सिंहांची एक अशा निवडक रायफली राज्य संग्रहालयांकडे देता येतील.

ज्यांच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक किंवा जुनी रायफल आहे, त्यांनीही हेच करावे. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसाने शस्त्र तसेच ठेवून चालत नाही. ते जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. मात्र जमा करण्यापूर्वी पॉलिश पेपरने घासू नये, दस्त्याला रंग देऊ नये. दस्त्याच्या तळापासून नळीच्या तोंडापर्यंत जेवढी अक्षरे, आकडे, मुकुट आणि बाण दिसतील तेवढ्यांची तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. तिरप्या उजेडात पुसट ठसेही उठून दिसतात.